आखाजीपासून आखाजीपर्यंत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मीही आले. फरक एवढाच की माझं लग्न झालेलं नाही, आणि मी जिथून आले तिथे अजून झाडांना धड पानंही फुटलेली नव्हती. स्वीडनमधलं गोथेनबर्ग सोडलं तेव्हा अंगात कोट होता, धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा ४३ अंश. तो कोट हातावर टाकून एसटीत बसले, तर शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, “नाशिकले अजून थंडी शे का व?”

घरी मोठी माय, म्हणजे आजी, ओट्यावरच होती. पाया पडले, माठातलं पाणी प्यायले आणि तिचा ठरलेला प्रश्न आला. “तठे काय शिकी ऱ्हायनी तू?” दोन वर्षांत हा प्रश्न चौथ्यांदा. पहिल्यांदा मी ‘सामाजिक धोरण’ म्हणाले होते. ते तिला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही फारसं कळलं नव्हतं. पुढच्या वेळी ‘सरकारी योजना’ म्हणाले, तर ती एकदम सावरून बसली. “मंग मन्हा पगार चालू व्हई का?”

पगार म्हणजे निराधारचा किंवा श्रावणबाळचा. कागदावर ते अनुदान असतं आणि घेणारी लाभार्थी असते, पण आमच्याकडची एकही म्हातारी त्याला अनुदान म्हणत नाही. महिन्याला १५०० रुपये येतात, त्याचं नाव पगार. मोठ्या मायला तो नाही, कारण आप्पांच्या नावावर आठ एकर आहे आणि या योजनेला घराचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. तिच्या भजनातल्या तिघींना आहे. त्यातल्या एकीच्या मुलाचं किराणा दुकान आहे, हे मोठी माय विसरत नाही आणि आम्हालाही विसरू देत नाही.

या खेपेला मी उत्तर विमानातच तयार करून आणलं होतं. “तठल्या म्हाताऱ्यास्ले पगार कसा भेटस, ते शिकी ऱ्हायनू.”

“सगळ्यास्ले?”

“सगळ्यास्ले.”

“पाटीलनी मायले बी?”

“बी.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मंग ते येडा शेतस.”

आता हे ‘पाटलाच्या आईलाही’ काय प्रकरण आहे, हाच माझ्या मास्टर्सचा निम्मा अभ्यासक्रम. (उरलेला निम्मा पर्यावरणाचा, त्यावर पुढे येते.) स्वीडननं १९१३ मध्ये सगळ्या जनतेला कवेत घेणारा पेन्शनचा कायदा केला, तेव्हा तो देश काही श्रीमंत नव्हता. माणसं बोटी भरभरून अमेरिकेला निघून चालली होती. पुढे १९४६ मध्ये वाद पेटला की पेन्शन फक्त गरजूंना द्यायची की सरसकट. गुस्ताव मोलर नावाचे समाजमंत्री सरसकटच्या बाजूनं उभे राहिले आणि १९४८ पासून कारखानदाराच्या आईला आणि त्याच्या झाडूवाल्याच्या आईला एकच मूळ रक्कम मिळायला लागली. आज पेन्शनचा हिशेब बदललाय, तेवढा सोपा राहिलेला नाही. पण मुलांचा भत्ता, तोही १९४८ चाच, अजून तसाच आहे. प्रत्येक मुलामागे महिना १२५० क्रोनर, म्हणजे आपले दहा हजारांच्या आगेमागे. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. माझ्या प्राध्यापकांच्या मुलीलाही मिळतात. शेजारच्या फिनलंडमध्ये बाळंतिणीला सरकारकडून कपड्यांनी भरलेली पेटी मिळते. १९३०च्या दशकात ती सुरू झाली तेव्हा फक्त गरीब बायांना होती, १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच, चौथा महिना सरायच्या आत दवाखान्यात तपासून यायचं.

मोठ्या मायसारखंच मलाही आधी हे येडेपण वाटलं होतं. चार वर्षं मी साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात एका संस्थेत काम केलंय. वनहक्काचे दावे, रेशनकार्डं, निराधारचे फॉर्म. गरजूपर्यंत पोहोचवायचं आणि बाकीच्यांना गाळायचं, हेच माझं काम होतं. म्हणून वर्गात कॉर्पी आणि पाल्मे या दोघा अभ्यासकांचा १९९८ चा लेख वाचायला दिला तेव्हा मी चिडले. त्यांचं म्हणणं असं की मदत जितकी फक्त गरिबांपुरती आखाल तितकी गरिबी कमी होण्याची शक्यता घटते. कारण जे बाहेर राहतात ते कर द्यायला कुरकुरतात, योजना कंजूष होते, आणि गरिबाला मिळतं ते तुटपुंजं आणि वर टोमणे. चिडून रात्री भाकरी थापत होते (दादर ज्वारीचं पीठ मी इथून नेते, तिकडच्या कुठल्याच पिठाला तशी चव नाही), तेव्हा किराणा दुकानवाल्याची आई आठवली. आणि मोठी माय. हा लेख तिला न वाचताच पाठ आहे. तिला ती योजना सलते, कारण ती योजनेच्या बाहेर आहे. आत घेतलं असतं तर १५०० चे ३००० करा म्हणून सगळ्यात आधी तीच ओरडली असती.

आणि तो २१ हजारांचा दाखला! महिन्याला १७५० रुपयांत घर कुठे चालतं, मला दाखवा. मी पाहिलेल्या दाखल्यांत सगळ्यांचं उत्पन्न २० नाहीतर २१ हजारच असायचं. पुढचा कागद मिळवण्यासाठी आधीच्या कागदावर खोटं बोलायचं, ही शाळा आपण आपल्या म्हाताऱ्यांना सत्तराव्या वर्षी घालतो.

कोर्सबद्दल बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय, म्हणून थोडं व्यवहाराचं. दोन वर्षांचं मास्टर्स आहे, इंग्रजीत. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये २०११ पासून फी आहे. ‘तिकडे शिक्षण फुकट’ हे ऐकून निघू नका, ते तिथल्यांना आणि युरोपवाल्यांना फुकट. मला अर्धी फी माफ झाली, उरलेल्या अर्ध्याचा बोजा आप्पांच्या सातबारावर आहे. मी कल्याणकारी राज्य शिकतेय ते कापसाच्या शेतावर कर्ज काढून, हे मी सेमिनारमध्ये एकदा सांगितलं, तर सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. तास कमी, वाचन फार. नोव्हेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडतो, त्याची मनाची तयारी ठेवा. प्राध्यापकांना नावानं हाक मारायची, ‘सर’ नाही, ‘मॅडम’ नाही. १९६७ मध्ये तिथल्या एका मोठ्या सरकारी आरोग्य खात्याच्या प्रमुखानं जाहीर केलं होतं की आजपासून मी सगळ्यांना ‘तू’ म्हणणार, तेव्हापासून आख्खा देश एकमेकांना ‘तू’वर आला. पुण्याच्या मैत्रिणीला हे फार जड गेलं. मला नाही. अहिराणीत आम्ही मोठ्या मायलाही ‘तू’च म्हणतो आणि देवालाही.

आता मूळ गोष्ट.

गेल्या फेब्रुवारीत इतिहासाचा एक तास होता. प्राध्यापकांनी एक जुना फोटो पडद्यावर लावला. एका लांबलचक बराकीसमोर बैलगाडीसारखी गाडी, तिच्यावर खाट, हंडे, दोन पोरं आणि एक आडदांड बाई. म्हणाल्या, हे स्तातारे. मोठ्या जमीनदारांकडे वर्षाच्या करारावर राहणारे शेतमजूर. वर्ष ऑक्टोबरच्या शेवटी संपायचं. तो एक आठवडा मोकळा, त्यात दुसरा मालक शोधायचा. रस्ते अशा गाड्यांनी भरून जायचे. मजुरीचा मोठा वाटा रोख नाही तर धान्य, दूध, बटाटे, सरपण आणि एक खोली. करार नवऱ्याशी व्हायचा, पण बायकोनं गाई पिळायच्या हे त्यात धरलेलंच. पहाटे, दुपारी, संध्याकाळी. त्या कामाला बाया ‘पांढरा चाबूक’ म्हणत.

मी वहीत लिहिलं: सालदार. पुढे दोन उभ्या रेघा मारल्या आणि ‘आखाजी’ लिहिलं.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतातल्या गड्याचं, वर्ष जानेवारीत सुरू होत नाही की पाडव्यालाही नाही. ते आखाजीला सुरू होतं. त्या दिवशी जुनं साल संपतं, हिशेब होतो, खाडे वजा होतात, उचल फिरते की राहते ते ठरतं आणि नवं साल बोललं जातं. लेकी निंबाच्या झोक्यावर झुलत असतात, घराघरात खापरावर पुरणपोळी आणि आमरस असतो, आणि त्याच निंबाखाली पलीकडच्या बाजूला एका माणसाचं पुढचं वर्ष ठरत असतं. लहानपणी या दोन गोष्टी मी एकाच चौकटीत पाहिल्यात आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

मी हात वर करून सांगितलं, आमच्याकडेही असे लोक आहेत. एका जर्मन मुलानं भाषा सुधारली, “होते, म्हणायचंय का?” म्हटलं, “नाही, आहेत.” प्राध्यापकांनी विचारलं की तुला हे जवळून माहीत आहे का. मी म्हणाले, हो, गावात पाहिलंय. आमच्या घरी सालदार आहे, हे मी म्हणाले नाही. तो फोटो पडद्यावर असताना माझ्या तोंडून ते निघालंच नाही.

स्तातारे पद्धत १९४५ मध्ये बंद झाली. सरकारनं एका फटक्यात कायदा करून नाही, तर शेतमजुरांची संघटना आणि मालकांची संघटना यांनी समोरासमोर बसून केलेल्या करारानं. त्याच वर्षी स्वीडननं आणखी एक गोष्ट मोडीत काढली. तोवर जो माणूस पूर्णपणे गरिबीच्या मदतीवर जगायचा त्याचा मतदानाचा हक्क जायचा. भाकर घे, मत ठेव. डेन्मार्कमध्येही असंच होतं. तिकडे जे आज ‘हक्क’ म्हणून दिसतं ते काल-परवापर्यंत भीक होतं, आणि भीक घेणाऱ्याला माणसात धरत नसत.

मग हे बदललं कसं? पुस्तकी उत्तरं पुष्कळ आहेत. एस्पिंग-अँडरसन या डॅनिश अभ्यासकानं १९९० मध्ये श्रीमंत देशांच्या कल्याणव्यवस्थेचे तीन प्रकार पाडले, त्याची परीक्षेत उत्तरं लिहून बोट दुखलंय. पुढे स्वीडनचे पंतप्रधान झालेल्या पेर आल्बिन हान्सन यांचं १९२८ चं भाषण आहे, ज्यात ते म्हणतात की देश म्हणजे घर असावं आणि चांगल्या घरात कुणी लाडकं नसतं, कुणी सावत्र नसतं. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९३३ ची. मंदी आली होती. शहरात बेकारी, खेड्यात लोण्याला भाव नाही. कामगारांच्या पक्षाला बेकारांसाठी पूर्ण मजुरीची सरकारी कामं हवी होती. शेतकऱ्यांच्या पक्षाला दूध-लोण्याच्या भावाला आधार हवा होता, म्हणजे शहरी कामगाराला लोणी महाग पडणार. दोघांचं एकमेकांशी वाकडं. शेवटी दोघांनी सौदा केला. तू माझ्या लोण्याला हात दे, मी तुझ्या मजुरीला. या सौद्याला स्वीडिश लोकांनी नाव दिलं ‘कूहान्देल’. शब्दशः गाईचा व्यवहार. बाजारात दोन बेरके शेतकरी गाय घेतात-देतात तसा.

धुळ्याच्या गुरांच्या बाजारात मी आप्पांबरोबर लहानपणी गेलेय. उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो, तोंडानं कुणी काही बोलत नाही आणि दोघंही मनात म्हणतात आपणच जिंकलो. मला ते कल्याणकारी राज्य तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं. डेन्मार्कनं त्याच वर्षी ३० जानेवारीला, जर्मनीत हिटलर चॅन्सेलर झाला त्याच दिवशी, असाच सौदा केला. नॉर्वेनं १९३५ मध्ये, फिनलंडनं १९३७ मध्ये. चारही ठिकाणी शेतकरी सौद्यात होता. आपल्याकडे शेतकरी मोर्चात असतो, मजूर रांगेत असतो, आणि दोघांची गाठ फक्त आखाजीला निंबाखाली पडते.

थीसिसचा विषय मी हाच घेतला. गाइडनं पहिल्याच भेटीत कान पकडला. १९३३ चा स्वीडन आणि आजचा खान्देश एका तागडीत कसा घालणार? तिकडे मजुरांची संघटना होती, इकडे सालदार प्रत्येक अंगणात एकटा. तिकडे शहरात कारखाने माणसं ओढत होते, इकडे सुरतेला जाऊन परत येतात. बरोबर होतं तिचं. म्हणून आता थीसिसचा निम्मा भाग ‘हे का जुळत नाही’ यावर आहे. मे अखेर द्यायचाय आणि मी ब्लॉग लिहितेय.

कुणाला वाटेल मी स्वीडनच्या प्रेमात पडलेय. मुळीच नाही. ज्या १९३०च्या दशकात लोण्याचा सौदा झाला त्याच दशकात, १९३४ मध्ये, तिथे नसबंदीचा कायदा झाला आणि १९७० च्या दशकापर्यंत सुमारे ६३ हजार लोकांची नसबंदी झाली. बहुतेक बाया. त्यातल्या कितीतरी गरीब, मंदबुद्धी ठरवलेल्या, ‘वागणूक ठीक नाही’ असा शिक्का बसलेल्या. संमतीचा कागद असायचा, पण सही नाही केली तर मदत बंद. नुकसानभरपाई १९९९ मध्ये. हे शिकवलं त्या दिवशी मला आजोबांची आणीबाणीची गोष्ट आठवली. जीप आली की गावातली माणसं कापसात लपून झोपायची म्हणे. सरकार घरासारखं वागायला लागलं की कधीकधी घरातल्या करड्या म्हाताऱ्यासारखंही वागतं.

१९७२ साल मात्र दोन्हीकडचं आहे. जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. बाहेरच्या देशांमधून पंतप्रधान म्हणून गेल्या त्या एकट्या इंदिरा गांधी, आणि गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून प्रदूषणावर बोलता येणार नाही हे त्यांनी तिथे सांगितलं. आमच्या कोर्सच्या पर्यावरणाच्या भागाची सुरुवात तिथूनच होते, मग १९८७ चा नॉर्वेच्या ब्रुंटलँड बाईंचा शाश्वत विकासावरचा अहवाल, मग १९९१ चा स्वीडनचा कार्बन कर. तास चालू होता आणि मला दिसत होती मोठी माय. त्याच वर्षी ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खात होती. बहात्तरच्या दुष्काळातल्या त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे होते. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम, आणि पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर सरकारची. माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जायचे, तेव्हा मी स्लिपवर तो कर पाहून वैतागायचे. गोथेनबर्गच्या लायब्ररीत मला कळलं की तो आपला कूहान्देल होता. शहरानं खेड्याशी केलेला. कुणी सांगितलंच नाही आम्हाला.

पर्यावरणाच्या भागाबद्दल एकच सांगते, कारण तो मला अजून पचलेला नाही. नॉर्वेत फोसेन नावाचा भाग आहे, तिथे १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या. ते सामी लोकांचं, म्हणजे तिथल्या आदिवासींचं, रेनडियर चारायचं हिवाळी कुरण. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं परवाने बेकायदा ठरवले, सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला म्हणून. तरी पाती फिरतच राहिली. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा सामी तरुण पोरं-पोरी ऑस्लोत मंत्रालयाच्या दारात जाऊन बसली. साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या बाजूला गेलात तर डोंगराच्या कडेनं पवनचक्क्यांची रांगच रांग दिसते. मी काम करायचे तेव्हा त्यांच्या पायथ्याला एका पाड्यावर दाव्यांचे नकाशे काढत रात्र व्हायची आणि दिवे जायचे. वर लाल दिवे लुकलुकत असायचे, खाली आम्ही मोबाइलच्या उजेडात गट नंबर वाचायचो. फोसेनचं प्रकरण वाचताना नॉर्वेचं चित्र डोळ्यांपुढे येतच नव्हतं. त्याच पट्ट्यातलं बारीपाडा मात्र वर्गात मी मिरवलं. चैतराम पवार आणि गावानं मिळून जंगल राखलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तर आखाजी.

सकाळी साडेनऊला निंबाखाली सतरंजी. आप्पा, मधले एक नात्यातले बापू, आणि सालदार काका. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. सहा सालं ते आमच्याकडे आहेत. गुरं, रात्रीची लाइट आली की पाणी धरणं, फवारणी, दोन वेळचं दूध. चहा झाला. १ लाख १५ हजारांवर बोलणं आलं, ४० हजार उचल, दोन पोती धान्य. मी पोळीचं पुरण वाटायचं सोडून दारात उभी. आणि तोंडातून निघून गेलंच, “आप्पा, महिन्याच्या दोन सुट्ट्या पण धरा ना सालात. खाडा नाही, सुट्टी.”

बापू हसले. आप्पा हसले नाहीत. “ढोरेस्ले सुट्टी ऱ्हास का?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं! म्हटलं, फिनलंडमध्ये गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवस सुट्टी मिळते. तेवढे दिवस बदली माणूस येतो, दूध काढतो, शेण काढतो, आणि त्याचा पगार सरकार देतं.

“सालदारले?”

“नाही. शेतकऱ्याला. तुम्हाला.”

आप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “माले?” मग बराच वेळ काही नाही. आप्पा शेवटचे गावाबाहेर राहिले ते माझ्या आत्याच्या दिवसांना, तेही एक रात्र, आणि परत आले ते थेट गोठ्यात. “मंग पहिले माले दे,” ते म्हणाले, “मंग त्याले मी देस.”

मी हे वाक्य थीसिसमध्ये टाकणार आहे. तळटीपेसकट.

सालदार काकांनी मात्र माझ्या सुट्टीकडे फारसं लक्ष दिलं नाही. बोलणी आटोपल्यावर विहिरीपाशी गाठून म्हणाले, “ताई, सुट्टी राहू द्या. तुमले कागदंसनं समजस ना? मन्ही मायना पगार बंद व्हई गया.” आठ महिने झाले होते. त्यांची आई ७४ वर्षांची. हयातीचा दाखला द्यायला दोनदा जाऊन आली, यंत्रावर तिची बोटं उमटत नाहीत. पन्नास वर्षं कापूस वेचून आणि निंदणी करून बोटांवर रेघाच उरल्या नाहीत. जिवंत आहे हे सिद्ध होत नाही म्हणून पगार नाही.

स्वीडनमध्ये पोहोचल्यावर मला पहिल्या महिन्यात एक नंबर मिळाला. १९४७ पासून तिथे प्रत्येकाला असतो. तो देतं कर खातं. जन्म, मरण, पत्ता, सगळी नोंद त्याच खात्याकडे. कुणी मेलं तर तिथे कळतं, म्हणून जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे सांगत फिरावं लागत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला. खान्देशानं नंबर घेण्यात आळस केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं निघालो. मी, काका आणि आजी. कचेरीत पंखा होता पण तो साहेबांच्या टेबलावर. चार तास रांग. पुढच्या म्हातारीला आजींनी विचारलं, तुझं काय, तर ती म्हणाली माझं नाव कागदावर माझ्या मेलेल्या जावेचं लागलंय. दोघी हसल्या. दहाही बोटं झाली, हात धुऊन झाले, खोबरेल तेल लावून पुसून झालं. शेवटी एका पोरगेल्या ऑपरेटरनं डोळ्यांच्या यंत्रावर प्रयत्न केला आणि ते झालं. थकलेले आठ महिने कधी येतील ते सांगता येत नाही म्हणाला. निदान पुढचे येतील. आजींनी त्याला पिशवीतल्या दोन सांजोऱ्या दिल्या, त्यानं घेतल्या.

परत यायला दिवेलागण झाली. फाटकातून आत शिरताना गोठ्यात बल्ब दिसला. आप्पा गाईखाली बसले होते. सवय राहिलेली नाही, निम्मं दूध भांड्याबाहेर. काका पळतच गेले, आप्पांनी मान हलवून नको म्हटलं.

रात्री मी कोनाड्यातली सालाची वही काढून पाहिली. नव्या पानावर वर १ लाख १५ हजार, खाली उचल, त्याखाली खाड्यांचे रकाने. त्या दिवसाचा रकाना कोराच होता.